फिशटँकात तलावातले शिंपले सोडले, त्याचा अनुभव

यूट्यूबवर रीफ टँकचे, म्हणजे समुद्री प्रवाळाच्या टँकचे, व्हिडिओ पाहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी तो निळा-जांभळा शिंपला पाहिजेच असतो. जायंट क्लॅम, ट्रायडॅक्ना. खडकावर तोंड उघडून बसलेला, काठाला मोरपिसासारखी नक्षी. मलाही पाहिजे होता, खोटं कशाला बोला. पण आम्ही राहतो साकोली तालुक्यात, समुद्र कोणत्याही बाजूनं पाहा लांबच, आणि खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे मीठ आलं, फेसातून घाण काढणारा स्किमर आला, पाणी थंड करणारा चिलर आला आणि आमच्याकडं मे महिन्यात लाईन कधी जाईल अन् कधी येईल ते महावितरणलाही सांगता येत नसेल. बरं ते सगळं जमवलं तरी ट्रायडॅक्नाच्या मॅक्झिमा आणि स्क्वामोसा या आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आमच्या शेजारी नवेगाव-नागझिरा आहे, पहिली अनुसूची म्हणजे काय हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, वाघ ज्या यादीत आहे तीच. त्यामुळं कोणी म्हणालं "मागवून देतो ना, कोणाला कळतंय", तर हात जोडायचे अन् घरी यायचं.

मग म्हटलं, समुद्रातला नाही तर नाही, आपल्या तलावात शिंपले कमी आहेत का. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचेच जिल्हे, गावोगावी मामा (माजी मालगुजारी) तलाव, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठच्या गाळात बोटभर ते तळहाताएवढे काळपट शिंपले उघडे पडतात. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हे त्याचं शास्त्रीय नाव, देशभर तळ्यांमध्ये सापडतो, गोड्या पाण्यातले मोती ज्यांत करतात त्यांतला हा एक. दिसायला काही खास नाही, बाहेरून तपकिरी-काळा, आतून चकचकीत मोतिया.

इथंच एक फरक आधी समजून घेतला पाहिजे कारण रीफवाल्यांचा सल्ला जसाच्या तसा इथं लावला तर शिंपला मरणार. ट्रायडॅक्नाच्या मांसल काठात सूक्ष्म शैवाल राहते, ती उजेडावर साखर तयार करते अन् त्यातली बरीच शिंपल्याला देते. म्हणून रीफवाले सारखे लाईट लाईट करत असतात, चांगला लाईट दिला की त्याचं अर्धं पोट भरलं. आपल्या तलावातल्या शिंपल्यात असलं काही नाही. त्याला उजेडाशी काही घेणं नाही, तो पाणी आत ओढतो, त्यातलं जे तरंगतं ते गाळून खातो आणि पाणी बाहेर सोडतो. पाण्यात तरंगतं काही नसेल तर तो उपाशी. आणि आपण सगळे टँक कशासाठी ठेवतो? पाणी काचेसारखं दिसावं म्हणून.

हे मला कोणत्या पुस्तकातून नाही, तलावावर जाळं टाकणाऱ्या ढिवर काकांकडून पहिल्यांदा ऐकायला मिळालं. तलावाचा मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या संस्थेकडं असतो, त्यामुळं आपल्या मनानं काही उचलायचं नाही, विचारून घ्यायचं, म्हणून त्यांना विचारायला गेलो.

"मासोऱ्या घे ना बाबू, शिंपा कायले पायजेत?"

म्हटलं काका, टँकमध्ये ठेवायच्या आहेत, पाणी साफ ठेवतात म्हणे.

"ठेवतेत ना. पन त्या गाळातलं खातेत. तुह्या काचेच्या पेटीत गाळ कुठी हाय? उपाशी मरतीन गा."

मी हसलो, पण पुढचं सगळं काम या एका वाक्याभोवतीच झालं.

निवड करताना काकांनीच शिकवलं. शिंपला हातात घेतला की जिवंत असेल तर तो घट्ट मिटतो, दोन्ही शिंपा अंगठ्यानं आडव्या सरकवून पाहायच्या, तसूभरही हलल्या नाही पाहिजेत. हलल्या तर आत चिखल. मेलेला शिंपला गाळानं भरून इतका जड होतो की जिवंतापेक्षा तोच भारी वाटतो, आणि तो टँकात गेला की संपलं. शंका असेल तर वास घ्या, नाक खोटं बोलत नाही. माझा टँक चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे वाळू-दगड पकडून अडीचशे लिटरच्या आसपास, त्यात मी तीनच घेतले, मध्यम आकाराचे. काका म्हणाले टोपलंभर ने. नाही म्हटलं, तिघांचं पोट भरलं तरी गंगेत घोडं न्हालं.

जागाही पाहून घेतली. माझं कृषी केंद्र आहे, धानावर कधी काय फवारतात ते माझ्याच काउंटरवरून जातं, त्यामुळं बांध्यांचं (धानाच्या शेतांचं) पाणी ज्या कोपऱ्यातून तलावात उतरतं तिकडचे शिंपले घेतले नाहीत, वरच्या अंगाचे घेतले.

आणताना बादलीत पाणी घालून आणू नका. उन्हात बादलीतलं पाणी तापतं, त्यातली हवा संपते. ओल्या पोत्यात गुंडाळले, सावलीत ठेवले, तेही गाडीच्या डिक्कीत न ठेवता पायाशी. ओल असली की शिंपला मिटून तासन् तास राहतो.

घरी आल्यावर थेट टँकात नाही. आधी वेगळ्या टबात, हवेचा पंप लावून. जुन्या दात घासायच्या ब्रशनं कवच हलक्या हातानं घासलं, त्यावर बारक्या गोगलगाई, त्यांची अंडी अन् एक जळू निघाली. दोन-तीन आठवडे तिथंच ठेवले. त्या काळात टबातलं पाणी रोज थोडं बदलायचं, कारण शिंपला भीतीनं असो की प्रवासानं असो, बऱ्यापैकी घाण टाकतो. आणि या टबातच मला पहिल्यांदा नीट दिसलं की तो खातो कसा, ते पुढं सांगतो.

पाण्याचं पाहा. ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, कोणत्या दिवशी जास्त पडली असेल सांगता येत नाही, ते पाणी शिंपल्याला सरळ द्यायचं नाही. आरओचं तर बिलकुल नाही. शिंपल्याचं कवच चुन्याचं, पाण्यात कॅल्शियम नसेल अन् पाणी आंबट असेल तर कवच शेंड्याकडून झिजायला लागतं, पांढरे खड्डे पडतात. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर बसतो, बाईमाणसं त्याला शिव्या देतात, पण शिंपल्याला तेच मानवतं. पीएच साडेसातच्या वर राहते, मी काही मिसळत नाही.

खडे सगळे काढले. ते लाल-निळे प्लास्टिकचा रंग दिलेले खडे असतात ना, त्यात शिंपला रुतूच शकत नाही. वैनगंगेची बारीक वाळू, पाणी निवळ येईपर्यंत धुतली, अन् एका बाजूपुरता पाच इंचांचा थर करायचं ठरवलं. पण एवढ्या जाड थरात खाली हवा जात नाही, वाळू काळी पडते, सडक्या अंड्यासारखा वास मारते, म्हणून पूर्ण टँकात जाड थर न करता मी एक चौकोनी प्लास्टिकचा ट्रे वाळूनं भरून टँकाच्या तळाशी बसवला, अन् तिन्ही शिंपले त्यात. याचा खरा फायदा दुसराच आहे. शिंपला मोकळ्या टँकात सोडला तर तो चालतो, हो चालतो, मांसाची जिभेसारखी पांढरट-पिवळी पट्टी बाहेर काढून वाळूत खुपसतो अन् स्वतःला पुढं ओढतो, रात्रीतून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मागं नांगरल्यासारखी रेघ, झाडं उपटलेली. मग वाळूखाली कुठं आहे, जिवंत आहे की मेला, काहीच कळत नाही. ट्रेमध्ये असला की सकाळी चहा घेता घेता तिन्हीची हजेरी होते. बायकोच्या नेलपॉलिशनं कवचावर एक, दोन, तीन असे ठिपके दिले आहेत, ती म्हणते माझ्यापेक्षा शिंपल्याचा जास्त शृंगार चालू आहे या घरात.

टबातून टँकात नेताना सलाईनची नळी वापरली. मेडिकलवाल्याकडं मिळते, तिला फिरकी असते, टँकाचं पाणी थेंब थेंब टबात सोडायचं, दीड-दोन तास. मासे पिशवीसकट तरंगवतात तसं करून चालत नाही, तापमान सारखं होतं पण पाण्याचा स्वभाव सारखा होत नाही.

सोडल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही. दगडासारखे पडून राहतात. घरातले सगळे जमले होते, माझी माय, पोरं, शेजारचे दोघं, अन् तमाशा काहीच नाही. पोरगं म्हणालं, "बाबा, हे मेलेलेच आणले का?" संध्याकाळी लाईट बंद केल्यावर एकानं फट उघडली, पाय काढला अन् हळूहळू उभा होऊन अर्धा वाळूत गेला. सकाळी तिघंही रुतलेले, वर फक्त मागचं टोक.

आता खाणं, सगळ्यात जास्त डोकं इथं लागलं.

वर जे टोक राहतं तिथं दोन फटी दिसतात. एकीच्या काठाला बारीक बारीक झालर असते, ती पाणी आत घ्यायची. तिच्याच वरची दुसरी गुळगुळीत, ती बाहेर सोडायची. टॉर्च आडवा धरून काचेतून पाहिलं की पाण्यातले कण झालरीकडं ओढले जाताना दिसतात, काही आत जातात, अन् जे त्याला नको असतं ते चिकट लोळी होऊन बाहेर पडतं, वाळूवर बारीक शेवया पडल्यासारखं. ती त्याची विष्ठा नाही, न खाताच थुंकलेलं असतं. त्या शेवया खूप दिसायला लागल्या की समजायचं आपण जास्त टाकून राहिलो.

द्यायचं काय, तर हिरवं पाणी. घरामागं निळा प्लास्टिकचा ड्रम कापून ठेवला, दर आठवड्याला टँकचं जे पाणी बदलतो ते फेकायचं नाही, त्यात टाकायचं. त्या पाण्यात माशांच्या विष्ठेचं खत असतंच. थोडं तलावाचं हिरवं पाणी बियाणं म्हणून, ऊन लागलं की आठवडाभरात पालकाच्या रसासारखं हिरवं. मी कृषी केंद्रवाला, सगळे म्हणाले चिमूटभर युरिया टाक, नाही तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत टाक, दोन दिवसांत हिरवं होते. होते ना, पण युरियाचा अमोनिया होतो, अन् गोड्या पाण्यातले शिंपले अमोनियाला माशांपेक्षाही नाजूक. शेणाचं पाणीही कोणी सुचवलं, मोत्यांच्या मोठ्या तळ्यात शेणखत देतात म्हणून. एकराच्या तळ्यात ठीक आहे, अडीचशे लिटरच्या पेटीत नाही. ड्रमवर मात्र मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, नाही तर शिंपल्याच्या नादात गल्लीला डेंग्यू व्हायचा.

सकाळी एक लोटा, संध्याकाळी एक लोटा. देताना फिल्टर बंद, कारण फिल्टरचा स्पंज शिंपल्याच्या आधी सगळं गिळतो. हवेचा पंप चालू ठेवायचा म्हणजे माशांना हवा मिळते अन् हिरवा कण तरंगत राहतो. तासा-दोन तासांनी फिल्टर पुन्हा चालू. टँकला यूव्ही (शेवाळ-जंतू मारणारा दिवा) लावला असेल तर या धंद्यात पडूच नका, तो जे मारतो तेच शिंपल्याचं जेवण. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, ड्रम फिका पडतो, तेव्हा स्पिरुलिना या शैवालाची पावडर चिमटीत घेऊन कपभर पाण्यात घुसळून देतो, पण ती तळाशी बसली की सडते म्हणून हात आखडूनच.

पोरांना दाखवायला एक गंमत केली. काचेच्या दोन बरण्या, दोन्हीत ड्रमचं हिरवं पाणी, एकीत शिंपला, दुसरीत नुसतं पाणी. सकाळी ठेवल्या, शाळेतून येईपर्यंत शिंपल्याच्या बरणीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. तेव्हापासून शेजारी-पाजारी म्हणतात, फिल्टर कायले घ्या, शिंपला ठेवा. हे मला पटत नाही. शिंपला पाण्यातला हिरवा रंग काढतो, घाण काढत नाही. उलट तो खातो तर अमोनियाही टाकतो, म्हणजे टँकात एक मासा वाढल्यासारखाच हिशोब. फिल्टर पाहिजेच, पाणी बदलणं पाहिजेच, अन् वरून त्याच्यासाठी ड्रम सांभाळायचा. काम कमी करायला शिंपला आणायचा असेल तर आणू नका, एवढं मी काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

उपाशी राहिला तर लगेच मरत नाही हीच खरी पंचाईत आहे. महिनोन् महिने अंगातलं जाळत बसतो, वरून कवच तसंच, वजन तसंच, अन् एक दिवस फट उघडी. म्हणून मिटण्याची गती पाहायची. बोटाची सावली पडली, काचेवर टकटक झाली की तब्येतीचा शिंपला फटकन मिटतो. भुकेला हळूहळू मिटतो, अर्धवट मिटतो, अन् मांसाचा काठ कवचाच्या धारेपासून आत सरकलेला दिसतो. वाळूत रुतायचं सोडून वर आडवा पडून राहणं हेही चांगलं लक्षण नाही.

आता सोबतचे. माझ्या टँकात तेव्हा होते गप्पी, मॉली, दोन गोल्डफिश, एक सकर अन् पाच-सहा टायगर बार्ब. गप्पी आरोग्य केंद्राच्या हौदातले, हिवतापवाले वाटतात ते, त्यांना शिंपल्याचं काही पडलेलं नाही, शिंपल्यालाही त्यांचं नाही. मॉली एकदा येऊन झालरीला तोंड लावून गेल्या, शिंपला मिटला, त्यांनी नाद सोडला. गोल्डफिश मात्र वाळू चघळणारी जात, दिवसभर ट्रेमध्ये तोंड खुपसून वाळू तोंडात घे अन् थुंक, शिंपला उघडला की मिटायचा, उघडला की मिटायचा. मिटलेला शिंपला खात नाही, म्हणजे कोणी चावलं नाही तरी उपवास घडतोच. टायगर बार्ब त्याहून वाईट, त्यांना कोणाचंही काही बाहेर लोंबताना दिसलं की ओढायचंच असतं, झालरीचा एक कोपरा त्यांनी कुरतडला. बार्ब भाच्याच्या टँकात गेले, गोल्डफिश दारातल्या सिमेंटच्या टाक्यात, तिथं त्या जास्त खूश आहेत.

सकरचं मला वाटलं होतं हा गरीब. तो रात्री शिंपल्याच्या कवचावरचं शेवाळ खरवडायला बसायचा, पूर्ण अंग टाकून, अन् खालचा बिचारा दम धरून. वाढतोही फूटभर. त्यालाही काढला. काढला म्हणजे दुसऱ्याला दिला, तलावात सोडला नाही. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्या तलावात रुजला तर काकांच्या जाळ्यात रोहू-कतला येण्याऐवजी हाच काटेरी लागेल, अन् जाळं फाडेल ते वेगळं. पफर, लोच, मोठे सिक्लिड अन् खेकडे तर शिंपल्यासोबत नकोच, त्यांचं ते जेवणच आहे.

औषधाचं मी सगळ्यात जास्त बजावतो. माशांना पांढरे ठिपके आले की लोक दुकानातलं निळं-हिरवं औषध ओततात. त्यात तांबं असेल तर शिंपले गेले, गोगलगाई गेल्या, सगळे बिनकण्याचे गेले. शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही, मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, काय करतो ते त्याला माहीत असतं. मी दुकानातून घरी आलो की साबणानं हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय टँकात घालत नाही, दिवसभर कीटकनाशकाच्या बाटल्या हाताळतो आपण.

तर झालं असं की काही महिन्यांनी मॉलीच्या पंखांवर अन् शेपटीच्या काठावर मोहरीहून बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले. भाचा म्हणाला, "मामा, इच आहे, औषध टाका." पण इच म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्याचे ठिपके अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे असतात अन् मासा दगडाला अंग घासतो. हे फक्त पंखांच्या कडेला, अन् मासे मस्त खाऊन राहिले होते. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याची पिल्लं अशीच असतात. मादी पिल्लं गिलांमध्ये (कल्ल्यांत) वाढवते, मग पाण्यात सोडते, ती माशाच्या पंखाला किंवा गिलाला चिमटा घेऊन चिकटतात, काही दिवस त्याच्या अंगावर फुकट प्रवास करतात अन् मग गळून वाळूत पडतात. ग्लॉकिडिया म्हणतात त्यांना. थोडी असली तर धडधाकट माशाला काही होत नाही, गिलात गच्च भरली तर श्वास अडतो. मी काहीच टाकलं नाही, नुसतं पाणी बदललं अन् मासे वर येऊन तोंड मारतात का ते पाहत राहिलो. ठिपके आपोआप गेले. पिल्लं जगली का म्हणाल तर एकही दिसली नाही, घरच्या टँकात त्यांचं पोट भरणं फार अवघड.

दोन नंबरचा शिंपला गेल्या पावसाळ्यात मेला. सकाळी हजेरीला एक अन् तीन मिटले, हा बोटभर उघडा, काडी लावली तरी हालचाल नाही, अन् टँकाजवळ गेल्यावरच वास कळला. गप्पी वर येऊन तोंड मारायला लागल्या होत्या. आधी शिंपला बाहेर, मग टेस्ट किट, अमोनियाच्या बाटलीतलं पाणी पिवळं राहायला पाहिजे ते हिरवं झालेलं. तिथल्या तिथं अर्धं पाणी बदललं, रात्री पुन्हा थोडं, मासे वाचले. मोकळ्या वाळूत पुरलेला असता तर दुपारपर्यंत कळलंही नसतं. का मेला ते सांगता येत नाही, तिघांत तोच सगळ्यात मोठा होता, कवचावर वर्षांच्या गडद रेघा त्याच्याच जास्त, म्हातारा असेल.

त्याचं कवच मायनं मागून घेतलं. धुऊन, उन्हात ठेवून, पाट्यावर फुगीर बाजू घासत बसली, घासता घासता मध्ये लांबट भोक पडलं, त्याच्या धारेला बोट लावून पाहिलं अन् म्हणाली, "हे पाय, आता आंबा सोल याच्यानं." खरंच कैरीचं साल असं पातळ निघते की स्टीलची सोलणी बाजूला पडली आहे. पोरांनी असली सोलणी कधी पाहिलीच नव्हती.

उन्हाळा. आमच्याकडं पारा पंचेचाळीसला जातो, घरातलं पाणी तेहतीस-चौतीसला पोचतं. पाणी जितकं गरम तितकी त्यात हवा कमी, अन् मासे-शिंपल्यांचा दम जास्त, दोन्हीकडून मार. चिलरचा भाव पाहून मी टेबलफॅन आणला, झाकण काढून पाण्यावर आडवी हवा, पाणी उडतं अन् उडता उडता दोन-तीन डिग्री उतरतं. रोज बादलीभर पाणी कमी होतं ते सावलीत ठेवलेल्या बोअरच्या पाण्यानं भरायचं, पण एकदम नाही. लाईन गेली की बॅटरीचा हवेचा पंप, तो आधीच चार्ज पाहिजे, अंधारात शोधत बसायचं नाही. या दिवसांत हिरवं पाणी निम्मंच देतो, जास्तीचं पाण्यात मेलं तर तेच हवा खातं. शिंपलेही खोल रुततात, तलाव आटायला लागला की गाळात उतरतात तसेच, त्यामुळं मे महिन्यात टोक दिसलं नाही म्हणून रोज उकरून पाहू नका. ट्रेच्या वाळूवर नाक न्यायचं, वास नसेल तर सोडून द्यायचं.

लोकांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, मोती निघाला का. नाही बापा. मोती करायला शिंपला अलगद उघडून आत शस्त्रक्रियेनं मणी बसवतात, मग वर्ष-दीड वर्ष तळ्यात ठेवतात, तेव्हा कुठं, अन् सगळ्यात होतोच असंही नाही. भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या संस्थेत त्याचं ट्रेनिंग मिळतं, ज्याला धंदा करायचा त्यानं तिकडं जावं.

काका मध्ये येऊन टँक पाहून गेले. बराच वेळ वाकून ट्रेकडं पाहत होते, झालर उघडी होती. म्हणाले, "जितेच हायेत गा." मग म्हणाले मन भरलं की पुन्हा आमच्या तलावात आणून सोडजो. ते मात्र मी करणार नाही, सांगितलंही त्यांना. दुकानातल्या माशांसोबत राहिलेला शिंपला कोणता रोग अंगावर घेऊन तलावात जाईल सांगता येत नाही. आता हे दोघं आहेत तोवर माझ्याचकडं, अन् तिसरा आणायचा की नाही ते ड्रम किती हिरवा राहतो त्यावर. सध्या पाऊस लागून आहे, ड्रम फिका आहे, तेव्हा दोघंच बरे.